कुसळी, गिनी गवत आणि पिवळी कॅनरी: फालाबोर्वातल्या एका वर्षाच्या नोंदी

8 जुलै 2023, शनिवार

आजपासून वही सुरू. पक्षी: पिवळ्या कपाळाची कॅनरी, इंग्रजीत येलो-फ्रंटेड कॅनरी, शास्त्रीय नाव क्रिथाग्रा मोझांबिका. ठिकाण: फालाबोर्वा. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातलं, क्रूगर राष्ट्रीय उद्यानाला खेटून वसलेलं तांब्याच्या खाणीचं गाव. खाणीच्या नोकरीमुळे मी इथे राहतो.

हाच पक्षी का? माझ्या मिरजेच्या मामाकडे लहानपणी एक पिंजरा होता. त्यात एकच नर. दुकानदाराने तो 'सिंगिंग फिंच' म्हणून विकला होता. आम्ही मुलं तासन्‌तास पिंजऱ्यापुढे बसायचो. तो गायचा, खूप गायचा, पण कुणासाठी गातोय हे आम्हाला कधी कळलं नाही. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वसाहतीच्या तारेवर तोच पक्षी दिसला आणि मी रस्त्यातच थांबलो. तेव्हापासून हे मनात होतं. वर्षभर हा पक्षी काय खातो, कधी थव्यात असतो, कधी जोडीने, आणि गातो कुठून, एवढं नीट लिहून काढायचं.

साहित्य साधं आहे: 8×42 ची दुर्बीण, हातात मावणारा रेकॉर्डर, ही वही. मोजणी दर दुसऱ्या रविवारी, सूर्योदयानंतर. जागा तीन. घरामागची पाण्याची पसरट वाटी आणि तिच्या भोवतीची कापलेली हिरवळ. नाल्याकाठची साधारण 60 पावलांची, कुणी न कापलेली गवताची पट्टी. आणि फाटकाबाहेरचं मोपाने झाडांचं रान, पण तिथे एकट्याने जायचं नाही. हत्ती इथे गावाच्या कडेपर्यंत येतात.

16 जुलै

पहिली मोजणी. दक्षिण गोलार्ध, म्हणून ऋतू उलटे: हिवाळा ऐन भरात, सकाळी स्वेटर लागतो. वाटीवर साडेसातला 14 कॅनरी आल्या. सोबत निळ्या मुनिया 9. दोन्ही एकत्र उतरतात आणि एकत्र उडतात.

ओळख पक्की करण्यासाठी वर्णन लिहून ठेवतो. लांबी 12 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चिमणीहून बरीच लहान. वजन बारा-तेरा ग्रॅम. नराचा चेहरा पिवळा, त्यावर डोळ्यातून जाणारी गडद रेघ आणि चोचीच्या मुळापासून खाली उतरणारी काळी मिशी. डोकं नि मान राखाडी, पाठ हिरवट, पोट हळदीच्या रंगाचं. मादीचे हेच रंग, पण चेहऱ्यावरची नक्षी फिकी. उडताना कंबरेचा पिवळा ठिपका लख्ख दिसतो आणि शेपटीचं टोक पांढुरकं. आफ्रिकान्समध्ये हिला 'खीलऑखकानारी' म्हणतात, म्हणजे पिवळ्या डोळ्याची कॅनरी. डोळा मात्र गडद तपकिरी आहे. पिवळी आहे ती भुवई.

आपल्याकडे पिंजऱ्यात दिसणारी नेहमीची पिवळीधमक कॅनरी ही नव्हे. ती कॅनरी बेटांवरच्या वेगळ्या जातीपासून माणसाने तयार केलेली. ही आफ्रिकेच्या माळरानांची. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत आणि खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. काँगोचं घनदाट जंगल आणि वाळवंट ती टाळते.

30 जुलै

वाटीवर 11, पट्टीत 23, कापलेल्या हिरवळीत एकही नाही. हिरवळीवर फक्त पाणी पिऊन जातात.

पट्टीत गुडघे टेकून जमीन पाहिली. गिनी गवताचं बी उन्हाळ्यातच गळून मातीत पडलंय. कॅनरी ताटावर बसत नाहीत, खाली उतरून पाचोळा चाळतात. बी चोचीत फिरवून फोल बाहेर टाकतात आणि गर तेवढा गिळतात. वीस फुटांवरून त्याची बारीक कुरकुर ऐकू येते. ही कुरकुर रेकॉर्ड झाली आणि मला ती गाण्याइतकीच मोलाची वाटते.

गवतं पाहून घरी आल्यासारखं वाटलं. गिनी गवत आपल्याकडे गाईम्हशींना घालतात ते मूळ याच खंडातलं. शेजारी अंजन गवत उभं आहे. आणि फाटकाबाहेर कुसळी! खानापूरच्या माळावर पायजम्यात घुसून बसायची तीच कुसळी, तिचीच जात, इथे लिम्पोपोत माझ्या मोज्यांत.

27 ऑगस्ट

दक्षिण आफ्रिकेच्या पक्षी-नकाशा प्रकल्पात नाव नोंदवलं. दुसरा टप्पा जुलै 2007 पासून चालू आहे आणि केपटाऊन विद्यापीठातली फिट्झपॅट्रिक संस्था तो सांभाळते. देशाचे पाच मिनिटं अक्षांश गुणिले पाच मिनिटं रेखांश असे चौकोन केलेत (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्याला 'पेंटॅड' म्हणतात. आमच्या अक्षांशावर तो साधारण 9 किलोमीटर उंच आणि साडेआठ किलोमीटर रुंद भरतो. नियम असा: कमीत कमी दोन तास मनापासून फिरायचं, चौकोनातल्या जमतील तेवढ्या सगळ्या अधिवासांना भेट द्यायची आणि जात जशी पहिल्यांदा दिसेल त्या क्रमाने लिहायची. त्यानंतर पाच दिवसांपर्यंत यादीत भर घालता येते.

आज 61 जाती. कॅनरी चौथ्या क्रमांकावर. क्रमाला महत्त्व आहे, कारण जी जात याद्यांमध्ये सतत वर असते ती तिथे मुबलक किंवा सहज दिसणारी. एका माणसाच्या एका यादीतून फार काही कळत नाही. हजारो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या याद्या एकत्र आल्या की जात कुठून ओसरली ते दिसतं. म्हणून 'काय, कॅनरीच ना' म्हणून ती यादीतून वगळायची नाही.

24 सप्टेंबर

थवा फुटला. वाटीवर दोन-दोन, तीन-तीन येतात. आणि गाणं सुरू झालं.

नाल्याच्या वळणावर लेडवूडचं एक वठलेलं झाड उभं आहे. याचं लाकूड इतकं कठीण की मेल्यावरही झाड अनेक दशकं पडत नाही. त्याच्या शेंड्याच्या काटकीवर पहाटे एक नर येऊन बसतो. 'झी-झिरी-चिरीओ', मग थोडा थांबा, मग भरभर वळणं घेत जाणारी लकेर. 40 मिनिटं ऐकलं. दर थोड्या वेळाने पलीकडच्या मरुलाच्या झाडावरून दुसरा नर उत्तर देतो. पहिला थांबतो, मान वळवतो, पुन्हा गातो.

मामाच्या पिंजऱ्यात नव्हतं ते हे. उत्तर.

14 ऑक्टोबर

आज ताताना बरोबर होते. 'ताताना' म्हणजे त्सोंगा भाषेत वडील, वडीलधारा माणूस. आमच्या वसाहतीच्या मागच्या गल्लीत राहणारे निवृत्त वनरक्षक आहेत, त्यांना सगळे असंच म्हणतात. मी फाटकाबाहेर जातो तो त्यांच्यासोबतच.

त्यांनी ओठांनी मोत्या-ठिपक्यांच्या घुबडाची शीळ घातली. एकेक स्वर चढत जातो, मग लांब उतरत्या शिट्ट्या. मिनिटभरात झुडुपं जागी झाली. आधी कोतवाल, मग बुलबुल, शिंजीर आणि पाठोपाठ सात कॅनरी. सगळे कलकलाट करत आमच्या डोक्यावर. हे घुबड आपल्या पिंगळ्यासारखंच छोटं, दिवसाही हिंडणारं आणि लहान पक्षी मारणारं. त्याच्या डोक्याच्या मागे डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात. घुबड सापडलं की सगळ्यांनी मिळून त्याला हैराण करायचं, म्हणजे त्याची दबा धरायची जागा जाते. पिंगळ्याभोवती आपल्याकडे साळुंक्या आणि बुलबुल जमतात तेच.

ताताना म्हणाले, "एकदा दाखवलं, पुरे. आता अंड्यांचे दिवस येतील. त्यांना उगाच घरट्यावरून उठवायचं नाही." पटलं. वहीत नियम म्हणून लिहितो: विणीचा हंगाम संपेपर्यंत शीळ नाही, रेकॉर्डिंग वाजवून नराला बोलावणंही नाही. जे आपण होऊन येईल तेच नोंदवायचं.

12 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काल संध्याकाळी पहिला जोरदार पाऊस. आज सकाळी अंगणातल्या भोकांमधून वाळवीचे पंखवाले कीटक धूर निघावा तसे बाहेर पडत होते. कॅनरी बियांची, पण आज तिनेही हातातली संधी सोडली नाही. जमिनीवर पळत पळत कीटक धरायची, पंख गळून पडेपर्यंत झटकायची. 20 मिनिटांत एका मादीने 17 खाल्ले.

पणत्या लावल्या तर त्यांच्यावरही तेच कीटक आले. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मग आज पणत्या आतच ठेव रे, जीव जातील बिचाऱ्यांचे." आत ठेवल्या.

18 नोव्हेंबर

पहिलं घरटं. दुरंगी बाभळीत, जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर. ही दुरंगी बाभूळ आपल्या माळांवरचीच, सिगमकाठी म्हणतात तीच. अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं लोंबतं फूल. इथली माणसं तिला माळरान गिळणारं झुडूप म्हणून वैतागतात, पण काट्यांमुळे घरट्याला जागा उत्तम.

बांधकाम मादी करते. नर तिच्या मागे मागे उडतो आणि जवळ बसून गातो. बाहेरून गवताच्या काड्या आणि कोळ्याची जाळी, आत मऊ अस्तर. वाटी मुठीत मावेल एवढी.

पाहण्याची पद्धत ठरवली. चार दिवसांतून एकदा, मादी खायला बाहेर गेल्यावर, लांब काठीला बांधलेल्या आरशातून दहा सेकंद. फोटो नाही, फांदी वाकवायची नाही, येण्याजाण्याची एकच वाट पाडायची नाही.

26 नोव्हेंबर

तीन अंडी. फिकट निळसर पांढरी, जाड टोकाला काही बारीक ठिपके. मादी बसून आहे. नर येऊन तिला चोचीतून भरवतो. ती पिल्लासारखे पंख थरथरवते.

2 डिसेंबर

घरटं रिकामं. टरफल नाही, वाटी विस्कटलेली नाही, काटा मोडलेला नाही. ताताना म्हणाले, साप. वेलीसारखा झाडावर चढणारा बूमस्लँग असाच नीट काम करून जातो. मला दोन दिवस मोजणीला जावंसं वाटलं नाही. माझ्या आरशामुळे तर नाही ना, हा विचार जात नाही. यापुढे चार दिवसांऐवजी सहा.

16 डिसेंबर

पहिल्या घरट्यापासून 40 पावलांवर नवं घरटं, पुन्हा दुरंगी बाभळीत, पण या वेळी आत खोल. पायांत ओळखीच्या कड्या नाहीत, त्यामुळे हीच जोडी असं लिहिता येत नाही. लेडवूडवरचा नर मात्र रोज त्याच काटकीवर.

21 डिसेंबर

तीन अंडी.

4 जानेवारी 2024

पिल्लं आली! बहुधा कालच. आरशात तीन लालसर तोंडं दिसली. म्हणजे अंडी उबवायला तेरा-चौदा दिवस.

13 जानेवारी

दुर्बिणीतून लांबून तीन तास बसलो. आज बरंच शिकलो.

आपल्या चिमणीचं घरटं मी लहानपणी पाहिलंय. आईबाप दर पाच-दहा मिनिटांनी अळी घेऊन येतात. इथे तसं नाही. एक फेरी झाली की पुढची अर्ध्या तासाने, कधी त्याहून उशिरा. सुरुवातीला मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग नीट पाहिलं, तर आल्यावर मादी एकामागून एक तिन्ही पिल्लांना भरवते, पुन्हा पहिल्याला, पुन्हा दुसऱ्याला. ती अन्न चोचीत धरून आणत नाही, गळ्यातल्या पिशवीत साठवून आणते आणि मऊ झालेलं बी वर काढून भरवते. कॅनरीच्या कुळातल्या पक्ष्यांची ही रीतच आहे. त्यामुळे फेऱ्या थोड्या आणि शत्रूला घरटं सापडण्याचे प्रसंगही थोडे. पण त्यासाठी आसपास भरपूर, अर्धं पिकलेलं, दुधाळ बी हवं. माझी मादी फेरीगणिक थेट नाल्याकाठच्या पट्टीत जाते. गिनी गवताला आत्ता तुरे आलेत आणि ती तुऱ्यावर लटकून बी ओढते. घरटं ते पट्टी साधारण 90 पावलं.

आणखी एक. घरट्याची कड पांढरी झालीय. पहिले काही दिवस मादी पिल्लांची विष्ठा उचलून नेते किंवा गिळते, मग ते थांबतं आणि सगळं कडेवर साचतं. अशी पांढरी कड दिसली की या घरट्यात पिल्लं मोठी होत आली असं समजायचं.

21 जानेवारी

सकाळी सहा वाजता घरटं रिकामं, पण या वेळी कड पांढरी आणि झुडुपाच्या वरच्या फांदीवर तीन आखूड शेपट्या. छातीवर तपकिरी ठिपके, पोटाचा पिवळा अजून धुवट. अठरा दिवसांत बाहेर. मी तातानांना हाक मारायला धावत गेलो. ते चहाचा कप हातात घेऊनच आले आणि काही न बोलता बराच वेळ पाहत उभे राहिले.

10 फेब्रुवारी

पाऊस गायब आहे. गेले काही दिवस पारा चाळिशीच्या वर. एल निनोचं वर्ष आहे असं सगळीकडे म्हणतात. मोपानेची पानं मिटून उन्हाला कड देऊन उभी आहेत. वाटीवर दुपारी 31 कॅनरी, चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे. कोरड्या बिया खाणाऱ्याला पाणी रोज लागतं, ते या उन्हात स्पष्ट दिसतं. वाटी दिवसातून तीनदा भरतो आणि घासतो. घाणेरड्या पाण्यातून रोग पसरला तर वाटी नसलेली बरी.

फाटकाबाहेरच्या कुसळीने या वर्षी नीट तुरे धरले नाहीत. पट्टीत नाल्याची ओल आहे म्हणून गवत उभं आहे.

21 मार्च

आज सुट्टी. या पक्ष्याच्या व्यापाराविषयी वाचत बसलो. पिंजऱ्यासाठी पकडल्या जाणाऱ्या आफ्रिकेच्या गाणाऱ्या पक्ष्यांत हिचं नाव वरचं. 'ग्रीन सिंगिंग फिंच' या नावाने पश्चिम आफ्रिकेतून जहाजं-विमानं भरून गेली. अमेरिकेने 1992 मध्ये कायदा करून जंगली पक्ष्यांच्या आयातीवर मोठी बंधनं आणली. सगळ्यात मोठा ग्राहक युरोप. युरोपीय संघाने बर्ड फ्लूच्या भीतीने 2005 मध्ये आयात तात्पुरती थांबवली आणि 1 जुलै 2007 पासून ती कायमची बंद केली. जात आज धोक्यात नाही. पण त्या प्रवासात गुदमरून मेलेल्या पक्ष्यांची मला आज राहून राहून आठवण येते.

माणसांनी तिला बेटांवरही नेलं: मॉरिशस, रियुनियन, हवाई, पोर्तो रिको. मॉरिशसला आमच्या सौ.ची दूरची चुलतबहीण आहे, 19व्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी घराण्यातली सून. तिला फोटो पाठवला, तर म्हणाली, "अहो भाऊजी, हा तर आमच्या परसातला!" तिकडे ती पाहुणी, इथे घरची.

9 एप्रिल, गुढीपाडवा

मामाला फोन केला. वय 78. त्याला लेडवूडवरच्या नराचं सप्टेंबरमधलं रेकॉर्डिंग पाठवलं होतं.

"दोन आहेत यात," तो म्हणाला. दुसरा नर इतका लांब होता की मला हेडफोनशिवाय ऐकू येत नाही. मामाने ओळखला.

मग त्याने विचारलं, "आपल्याचा रंग का रे उतरला होता?" ते मला आठवत नव्हतं. मी त्याला सांगितलं: हा पिवळा रंग पक्षी अन्नातून घेतो. हिरवी पानं, ताजं बी यांतलं पिवळं द्रव्य शरीरात बदलून पिसांत जातं. पिसं झडून नवी येताना ते मिळालं नाही, तर नवी पिसं फिकी येतात. आपण त्याला कोरडा राळाच घालत होतो. मामा थोडा वेळ गप्प राहिला. "मला कुणी सांगितलं असतं तर रोज ओलं गवत आणलं असतं," म्हणाला. त्याने आणलं असतं, याची मला खात्री आहे. त्या पिंजऱ्याला तो रोज स्वतः हाताने धुवायचा.

28 एप्रिल

वसाहतीच्या समितीचं पत्र: नाल्याकाठचं गवत मे महिन्यात कापणार. कारण साप आणि वणवा. दोन्ही कारणं खोटी नाहीत. इथे लहान मुलं खेळतात आणि हिवाळ्यात वाळल्या गवताला ठिणगी पुरते.

दहा महिन्यांच्या मोजण्या एका पानावर मांडल्या. एकोणीस सकाळी मोजलं. कापलेल्या हिरवळीत दाणे टिपणारी कॅनरी एकूण दोन वेळा. पट्टीत सतरा वेळा. घरट्यापासून पट्टीपर्यंतच्या फेऱ्या वेगळ्या लिहिल्या. समितीपुढे मागणी ठेवली: सगळी पट्टी नको. रस्त्याकडची आणि घरांकडची बाजू कापा, दोन मीटरचा मोकळा पट्टा ठेवा, मधलं गवत ऑगस्टअखेरपर्यंत उभं राहू द्या. मधल्या भागात मुलांनी जाऊ नये म्हणून मी दोर बांधीन.

11 मे

बैठक. दोन कुटुंबांचा विरोध होता. त्यांच्या अंगणात मागे मोझांबिक नाग निघाला होता, त्यांची भीती मी समजू शकतो. ताताना उठून बोलले. ते म्हणाले, साप उंदरांमागे येतो आणि उंदीर कचऱ्याच्या पेटीमागे येतो. आधी पेट्यांना झाकणं लावा. झाकणं लावायचं ठरलं, मधली पट्टी एका हिवाळ्यापुरती ठेवायचं ठरलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

19 मे

कापणी झाली. दोर बांधला. ताज्या कापलेल्या भागात सांडलेलं बी टिपायला पहिल्याच दिवशी 26 कॅनरी आणि निळ्या मुनियांचा मोठा थवा. हे मला अपेक्षित नव्हतं. कापण्याची वेळ बी पिकल्यानंतरची असली तर कापणीही उपयोगी पडते. पुढच्या वर्षीच्या मागणीत हे घालायचं.

16 जून

पुन्हा हिवाळा. थवा जमला. वाटीवर 19, पट्टीत 38. गेल्या जुलैपेक्षा जास्त, आणि बाहेरचं रान मात्र भुकेलं. थव्यातल्या पाचांच्या छातीवर अजून पुसट ठिपके आहेत.

लेडवूडच्या काटकीवर कुणी नाही. खाली पाचोळ्यात कुरकुर चालू आहे. 22 मिनिटं रेकॉर्ड केलं, फाइल मामाला पाठवली. पुढची मोजणी 30 तारखेला. वाटीची कड तडकलीय, नवी आणायची.